एकच दरी धर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

सायकल घेतलीस आणि पहिल्याच महिन्यात पौडपर्यंत जाऊन आलीस, हे तुझ्या आईकडून कळलं होतं. आता तुझा निरोप आला की दसऱ्यानंतर दऱ्याखोऱ्यांत हिंडायचंय, ओढ्याओढ्याने चालायचंय, तर मामा, चांगल्या दहा जागा सुचव.

दहा जागा मी सुचवणार नाही. तशा याद्या तुझ्या मोबाइलवर पैशाला पासरी मिळतील आणि त्यातल्या जागा खरोखर सुंदर आहेतही. पण जंगलातली दरी ही दर रविवारी एक या हिशेबाने उरकायची गोष्ट नाही. तू एक दरी धर आणि वर्षभर तिलाच जा. तिचं पाणी कुठून येतं, आषाढात ते कुठवर चढतं, वैशाखात कुठल्या खळग्यात उरतं, तिच्या काठाला कोण राहतं, गुरं कुठून उतरतात, हे सगळं तुला न विचारता सांगता येऊ लागलं की मग दुसरीकडे वळ. हा माझा नुसता हट्ट नाही, त्याला कारण आहे.

किल्ल्यावर जाताना माथा समोर दिसत असतो. वाट चुकली तरी बुरूज कोणत्या अंगाला आहे ते कळतं. पाऊस आला तर तो आपल्याच डोक्यावर आलेला असतो, त्यामुळे आला हे समजतं. दरीत यातलं काहीच नसतं. झाडोऱ्यात शिरलीस की वर आभाळाची एक पट्टी उरते, पुढचं वळण वीस पावलांपलीकडे दिसत नाही. आणि पायाखालच्या ओढ्याला येणारं पाणी चार-पाच किलोमीटर मागे, तुला न दिसणाऱ्या पठारावर पडलेल्या पावसाचं असतं. तू उभी आहेस तिथे ऊन असू शकतं. म्हणजे आज या ओढ्यात उतरावं की नाही, हे आज इथे उभं राहून ठरत नाही. ते आधीपासून ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक होतं ते त्याच जागी निरनिराळ्या ऋतूंत गेल्यावरच. दहा दऱ्या एकेकदा पाहणारा माणूस दहाही ठिकाणी नवखाच राहतो.

तुझ्यासाठी मी कुंडलिकेची दरी निवडली आहे. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी धरण, ताम्हिणी असं करत निव्याला यायचं, तिथून लोणावळ्याकडे जाणारा रस्ता धरायचा आणि पिंपरी गाठायची. तुझ्या खोलीपासून साधारण ६०-७० किलोमीटर. पिंपरीच्या छोट्या तलावापासून अंधारबनाची वाट सुरू होते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेली दरी, मध्ये दाट झाडीतून ती पट्टी जाते, वाटेत ओढे आडवे येतात, मग हिरडी गाव लागतं आणि तिथून खाली कोकणात भिऱ्याला उतरता येतं. सगळी मिळून तेरा-चौदा किलोमीटरची चाल. ही वाट आता खूप प्रसिद्ध झाली आहे, शनिवार-रविवारी गर्दी असते, हे खरं. पण गर्दी वाटेवर असते आणि पावसाळ्यात असते. मंगळवारी, पौष महिन्यात, त्याच ओढ्यांपाशी तुला शेकरूशिवाय कोणी भेटायचं नाही.

ही दरी निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. इथे पाण्याची गोष्ट फार मोठी आहे. पुण्यात संगमापाशी तू जी मुळा पाहतेस ती मूळची पूर्ववाहिनी. ती मुठेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मुळशीला त्या मुळेवर टाटांनी धरण बांधलं. बुडणाऱ्या गावांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते, ते तू शाळेत वाचलं असशील. धरण झालंच. आणि अडवलेलं पाणी पूर्वेला न जाता डोंगराच्या पोटातून नि मोठ्या नळांतून पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं गेलं. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. चाकं फिरवून झालेलं ते पाणी कुंडलिकेत जातं आणि रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. ताम्हिणीच्या रस्त्याने जाताना डावी-उजवीकडे जे पाणी तुला दिसेल, त्यातलं कुठलं कुठल्या समुद्राला जातं, हे एकदा नकाशावर बोट फिरवून बघ. दरी पाहायची सुरुवात तिथून होते.

त्यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. भिऱ्याच्या खालची कुंडलिका पावसावर चढत-उतरत नाही, सोडलेल्या पाण्यावर चढते. कोलाडचं राफ्टिंग उन्हाळ्यातसुद्धा चालतं ते त्यामुळेच. तेव्हा खालच्या अंगाला नदीपात्रात खडकांवर बसून डबा खायचा मोह झाला, आभाळ निरभ्र असलं, पाणी घोट्याएवढं असलं, तरी पात्राच्या मध्यभागी बसायचं नाही. काठाच्या वर बस. गावातल्या कुणालाही पाणी कधी येतं विचारलंस तर ते सांगतील.

आता दगडाबद्दल. सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झालेला आहे. दोन कठीण काळ्या थरांमध्ये कुठे भुसभुशीत दगड असतो, कुठे गेरूच्या रंगाचा लाल मातकट पट्टा असतो. ओढा मऊ थर पोखरतो, कठीण थराची कड तशीच राहते, आणि तिथे पाण्याला उडी मारावी लागते. म्हणून आपल्याकडचा घाटातला एकही ओढा उतरंडीने सरळ खाली येत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी येतो. पायरी कधी कमरेइतकी असते, कधी दोनशे फुटांची. वरून येताना दोन्ही सारख्याच दिसतात: दगड संपतो आणि पुढे झाडांचे शेंडे दिसतात.

यातून एक नियम निघतो आणि तो मी तुला हात जोडून सांगतो. वाट चुकलीस तर ओढा धरून खाली उतरायचं नाही. "पाण्यासोबत गेलं की गाव लागतं" असं तुला कुणीतरी नक्की सांगेल, आणि ते देशावरच्या सपाट मुलखात खरंही आहे. घाटात ते जीवघेणं आहे. घडतं ते असं: ओढ्यातून अर्धा तास मजेत उतरतो, मग दहा फुटांचा गुळगुळीत कातळटप्पा येतो, बसून घसरत तो पार करतो, आणि पन्नास पावलांवर ओढा कड्यावरून नाहीसा होतो. पुढे जाता येत नाही आणि घसरलेला टप्पा परत चढता येत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांतली मुलं रात्री-बेरात्री दोर घेऊन अशा ठिकाणी उतरतात. चुकलीस की थांब, पाणी पी, आणि जिथपर्यंत वाट नक्की ठाऊक होती तिथवर मागे चढून ये. चढताना दमशील. दमू दे. अंधार पडत आला असेल तर कोरड्या, उंच, मोकळ्या जागी बसून राहा, पण रात्री ओढ्यात पाय टाकू नकोस.

नाळेने, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीने, उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा आहेत, हे तू म्हणशीलच. आहेत. तैलबैलाहून वाघजाईच्या घाटाने ठाणाळ्याच्या लेण्यांकडे उतरता येतं, सवाष्णी घाट सुधागडाच्या बाजूला उतरतो. पण त्या वाटा कुणा एकाने एका दिवसात शोधलेल्या नाहीत. बैल, मीठ, तांदूळ, वऱ्हाडं, सगळं त्यांवरून गेलंय. कुठला उतार पायाला लागतो आणि कुठला कड्यावर संपतो हे पिढ्यान्‌पिढ्या तपासून लोकांनी ती एक निवडली आणि शेजारच्या चार सोडून दिल्या. त्या सोडलेल्या चारांतून जायची हौस तुला इतक्यात नको.

पहिली फेरी दसरा झाल्यावर कर. तेव्हा ओढ्यांचं पाणी नितळलेलं असतं, वाटेवर गवत कमरेएवढं असतं, कोळ्यांची जाळी तोंडाला लागतात. या फेरीत चालण्यापेक्षा बघणं जास्त ठेव. पहिल्या मोठ्या ओढ्यापाशी थांब आणि काठावरच्या वाळुंजाकडे किंवा करंजाकडे वर मान करून बघ. फांद्यांच्या बेचक्यात सुकलेलं गवत, काटक्या, एखादी प्लास्टिकची पिशवी, चिखलाने माखलेली पानं असं सगळं अडकलेलं दिसेल, सगळ्याचं टोक एकाच दिशेला. तो कचरा तिथे वाऱ्याने आणलेला नाही. तिथवर यंदाचं पाणी होतं. आता त्या फांदीखाली उभी राहा आणि हात वर कर. पुष्कळ जागी हात पोचणार नाही. ज्या धोंड्यावर बसून तू बिस्किटं खाणार होतीस, तो जुलैत दोन पुरुष खोल पाण्याखाली होता. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मोजलंस की पावसाळ्यातल्या बंदीच्या पाट्या तुला जाचक वाटणार नाहीत. त्या फांदीचा फोटो काढून ठेव, पुढच्या वर्षी त्याच फांदीशी ताडून बघता येईल.

मार्गशीर्ष आणि पौष हे ओढ्यातून चालायचे महिने. चालायचं ते खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध. वर चढताना प्रत्येक टप्पा आधी समोर येतो, जमेल की नाही ते खालूनच कळतं, आणि नाही जमलं तर आल्या पावली मागे फिरता येतं. दगड ओळखायला शीक. कोरडा, करडा, हाताला खरखरीत लागणारा दगड धरून ठेवतो. काळा, चकचकीत, ओलसर दगड दिसला की तिथे बूट कितीही महागाचा असो, पाय जाणारच. ओढ्याच्या कडेची ओली पानं सगळ्यात फसवी, कारण त्यांच्याखाली शेवाळ आहे की माती हे दिसत नाही. तिथे पाय न टाकता पाण्यातच पाय टाक, तळ दिसत असेल तर. बूट भिजतील, भिजू देत. दगडाखाली किंवा कपारीत न बघता हात घालू नकोस, फुरसं हा विषारी साप आपल्याकडे अशाच जागी असतो. ओल्या झाडीत फांदीवर हिरवा चापडा साप तासन्‌तास न हलता बसतो, तेव्हा आधारासाठी फांदी धरण्याआधी तिच्याकडे बघायची सवय लाव. यात घाबरण्यासारखं काही नाही. चापड्याला बघायला मिळणं हे भाग्यच आहे, फक्त मधे दोन हात अंतर असावं.

या चालीत तुला दगडांत कोरलेले गोल खळगे दिसतील, रांजणासारखे खोल. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे तुला आईने लहानपणी दाखवलेत, तेच हे, आकाराने धाकटे. पुराच्या पाण्यात गोटे एका जागी गरगर फिरत राहतात आणि दगड घासत जातात. खळग्यात आधी नीट बघून मग हात घाल, तळाशी ते गोटे सापडतील, सुपारीसारखे गुळगुळीत. पण माणूस बुडेल एवढा डोह असेल तर त्यात उतरायचं नाही. अशा डोहाचा तळ वाटीसारखा नसतो, आत कपारी असतात, काठ आतल्या बाजूने गुळगुळीत असतो आणि बाहेर यायला पकड मिळत नाही. पट्टीचे पोहणारे अशा डोहांत बुडालेत. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला दर पावसाळ्यात प्रशासन बंदी का घालतं, ते तो डोह बघितलास की कळेल. पोहायचं असेल तर तलाव आहेत.

झाडांचा अभ्यास याच थंडीत सुरू कर, कारण झाडं तुला पाणी दाखवतात. डोंगर उन्हाने करपलेला असताना उतारावर एक हिरवी रेघ खाली आलेली दिसली की ती ओढ्याची. उंबर दिसला की ओल जवळ आहे असं धर. भेरली माड घळीच्या सावलीत उभा असतो, त्याचे लोंबते घोस लांबून ओळखू येतात. आणि गारंबीचा वेल नक्की शोध. मांडीएवढा जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला असतो आणि त्याला हातभर लांब शेंगा लागतात. त्या शेंगेतली बी पुरात वाहत समुद्रापर्यंत जाते. वरच्या घळीतली बी खाली कोकणच्या किनाऱ्यावर पडलेली सापडते, यात मला अजूनही दरवेळी तेवढाच आनंद होतो.

अंधारबनात अंजन आणि जांभूळ फार. पानं इतकी दाट की दुपारी बारालाही वाटेवर ऊन ठिपक्याठिपक्यांनीच पडतं. मोठ्याने बोलू नकोस, स्पीकर नको. ताम्हिणीचा हा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. प्रवेशाची पावती फाडावी लागते, ती हसतमुखाने फाड. रात्री जंगलात राहायचं असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय नाही.

फाल्गुन ते वैशाख फार कमी लोक दरीत जातात, आणि मला विचारशील तर दरी सगळ्यात जास्त तेव्हाच कळते. पानं झडतात, दगडांची मांडणी उघडी पडते, एरवी पाण्याखाली असलेला लाल पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या जरा वर हात लावून बघ, दगड गार आणि ओला लागेल. वरच्या दगडाच्या भेगांतून उतरलेलं पाणी लाल थरापाशी अडतं आणि आडवं पाझरतं. आपल्याकडचे बारमाही झरे बरेचदा अशाच जागी असतात. मेच्या अखेरीस अख्ख्या ओढ्यात पाणी उरतं ते अशा दोन-तीन ठिकाणीच, आणि जंगलातल्या सगळ्यांना तिथेच यावं लागतं. तेव्हा त्या पाण्यापाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. सकाळी आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. ती त्यांची वेळ. बाटली भरून घे आणि दूर सावलीत जाऊन बस. पाण्यात साबण नको, सनस्क्रीन फासलेले हातपायही नकोत.

या दिवसांत आग्या मोहोळ असतं. कड्याच्या खालच्या अंगाला काळी, अर्धवर्तुळाकार पोळी लटकलेली दिसतील. अत्तर, डिओडरंट लावून जाऊ नकोस, धूर करू नकोस, कड्याखाली आरोळ्या मारून प्रतिध्वनी ऐकू नकोस. माश्या उठल्याच तर तोंड झाकून झाडीत पळत सुट, एका जागी उभं राहून हात झाडू नकोस. दरीतल्या सगळ्या धोक्यांत मला याची सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण अरुंद घळीत पळायला जागा नसते.

ज्येष्ठात पहिले ढग आले की पहाटे ओढ्याच्या काठाला ये. शीळ कस्तूर गायला लागलेला असतो. कुणी मुलगा उगाच सूर लावून शीळ घालत चाललाय असं वाटेल. भिऱ्याच्या बाजूला खाली उतरलीस आणि नशीब असलं तर तिबोटी खंड्या दिसेल, जांभळा, नारिंगी, पिवळा, चिमणीपेक्षाही लहान. पावसाबरोबर येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. रायगड जिल्ह्याचा तो जिल्हा पक्षी आहे. बीळ सापडलं तर कुणाला सांगू नकोस आणि फोटोसाठी बसू नकोस. कॅमेरेवाल्यांची रांग लागली की जोडी पिल्लांना खाऊ घालायला यायचं थांबवते.

मग आषाढ-श्रावण. पुण्यात वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीत त्याच्या आठपट तरी. या दोन महिन्यांत दरी रस्त्यावरून बघायची, कठड्याच्या अलीकडून. ओढ्यात उतरायचं नाही, ओलांडायचाही नाही, गुडघाभर पाण्यातूनसुद्धा नाही. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून उभे होते. बातम्यांत तू तो व्हिडिओ पाहिला असशील. पाणी वाढायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. इतर महिन्यांतही अवकाळी पावसात ही वेळ येऊ शकते, म्हणून खुणा लक्षात ठेव: नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, ओल्या मातीचा वास आला, किंवा ओढ्याचा आवाज जड झाला, तर सामान गोळा न करता काठावर वर चढायचं. पलीकडच्या काठावर अडकलीस तर तिथेच थांब. आपल्याकडचे ओढे जसे झटकन चढतात तसे पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही. रात्र काढावी लागली तर काढ. घरचे काळजी करतील, पण सकाळी तू परत येशील.

सायकलचं थोडक्यात. ती तुला दरीपर्यंत नेते, तिथे तिचं काम संपतं. अंधारबनासारख्या वाटेवर सायकल घालायची नाही. पायवाट उकरते, पावसात त्याच चाकोरीतून पाणी वाहून घळ पडते. निव्यात किंवा पिंपरीत एखाद्या घरी विचारून सायकल लाव आणि चालत जा. पहाटे पाचला निघ म्हणजे मुळशीपर्यंत ट्रक आणि गाड्या लागायच्या आत पोचशील. ताम्हिणीच्या पुढच्या वळणांवर रस्त्याची कड बारा महिने सावलीत असते, तिथे शेवाळ धरतं, तेव्हा उतारावर अगदी कडेने जाऊ नकोस. उतार लागायच्या आधी ब्रेक तपास. तुझ्या सायकलला रबरी ब्रेक आहेत, ओल्या रिमवर ते उशिरा धरतात, म्हणून वळणाच्या बरंच आधी हळूहळू दाबत जा. दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर. निव्याच्या पुढे पंक्चरवाला मिळायचा नाही. आणि एकाच दिवशी सायकल आणि चाल दोन्ही करू नकोस. आदल्या दिवशी जा, गावात राहा, सकाळी ताज्या पायांनी दरीत शिर.

गावात राहणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, त्याला सोय म्हणून बघू नकोस. या भागात धनगरांचे वाडे आहेत, खाली कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. ओढ्याचं नाव काय, कुठल्या धोंड्यापाशी बिबट्या येतो, यंदा झरा कधी आटला, ही माहिती नकाशावर नसते. ती पाणी भरायला आलेल्या मावशींकडे असते, गुरं राखणाऱ्या दादाकडे असते. भाकरी-पिठलं खायला बसलीस की घाईने फोटो काढून उठू नकोस, विचार आणि ऐक. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना गावातलं माणूस सोबत घे आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो हे ध्यानात ठेवून पैसे दे, घासाघीस करू नकोस. दरीकाठी देवराई लागली तर चपला बाहेर, आणि आतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. गावाने ती इतकी वर्षं राखली म्हणून तिथलं पाणी टिकलंय.

एकटीने जाऊ नकोस. तू मुलगी आहेस म्हणून म्हणत नाही, तुझ्या दादालाही हेच सांगितलंय. तिघं असावीत: एकाचा पाय मुरगळला तर एक जवळ थांबतो आणि एक गावात जातो. दरीत फोनला रेंज नसते, तेव्हा निघताना कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत येणार हे गावातल्या घरी आणि तुझ्या आईला सांगून जा, आणि मग ऐनवेळी वाट बदलू नकोस. पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, शिट्टी, एक जाड सुती दुपट्टा, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे. बाकी दुकानातलं सामान हळूहळू येईल.

सांदण दरीबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. अकोले तालुक्यात साम्रदला ती आहे. उभ्या दोन भिंतींमधली ती चीर बघताना तुझं भान हरपेल, यात शंका नाही. पण पहिल्या पाण्याच्या खळग्यांपुढे थोडं गेलं की कातळटप्पे लागतात आणि ते दोरानेच उतरावे लागतात. ते काम शिकलेल्या माणसांसोबत करायचं, आणि पावसाचा मागमूस नसताना. ती पुढच्या हिवाळ्यात. तोवर कुंडलिकेचं एक वर्ष पूर्ण झालेलं असेल आणि सांदणच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते तू स्वतःच बघशील.

तर पहिल्या फेरीची तारीख कोजागिरीच्या नंतरची ठरव आणि कळव. मधल्या वारची असू दे. मी एसटीने निव्यापर्यंत येतो, तुम्ही तिघं सायकलने या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा त्या भागाचा नकाशा माझ्याकडे आहे, तो आणतो, आणि दोन पेन्सिली. तुझ्या आईला परवानगीचं मीच विचारीन, तू आधी काही बोलू नकोस.

तुझा,
मामा